कमी घ्या म्हणणारा दुकानदार

प्रश्न : मंडईत आमचा भाजीचा गाळा आहे, माझी तिसरी पिढी. मुलगी अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला असते. परवा फोनवर सांगत होती, नातवाच्या शाळेतले सगळे दिवे बदलले आणि खर्चाचा मोठा वाटा विजेच्या कुठल्याशा सवलत योजनेतून परत मिळाला. वीज विकणारा 'वीज कमी वापरा' म्हणून पैसे कसे देईल? मी गिऱ्हाइकाला 'किलो नको, अर्धाच घ्या, वर हे दहा रुपये ठेवा' असं म्हणालो तर महिन्याभरात गाळ्याला कुलूप लागेल. पेठेतल्या एका खासगी शाळेच्या समितीवर मी आहे. दर महिन्याला बिल आलं की मुख्याध्यापकबाईंचा चेहरा उतरतो. आपल्याकडे असं काही मिळतं का?
ता. क. गाळ्यावरचे दिवे मी केव्हाच एलईडीचे केले, पण पिवळेच ठेवले. पांढऱ्या उजेडात टोमॅटो आजारी दिसतो.
– एक गाळेधारक, मंडई

उत्तर : दादा, उत्तर तुमच्या टोमॅटोतच आहे. समजा, एका खानावळीला तुम्ही वर्षभराचा रतीब बांधून दिला आहे. टोमॅटो तीस रुपये किलो, बाजार वर जावो की खाली. मग येतो २०२३ चा जुलै. टोमॅटो शंभरीच्या पार. मार्केट यार्डातून ऐंशीनं उचलायचा आणि खानावळीला तीसनं घालायचा, म्हणजे किलोमागं पन्नास रुपये खिशातून. अशा वेळी तुम्हीच खानावळवाल्याला गाठून म्हणाल, 'मालक, महिनाभर आमटीत आमसूल घाला की. जेवढा टोमॅटो कमी घ्याल, त्याच्या किलोमागं दहा रुपये मी देतो.' दहा दिले, पन्नास वाचले. गाळ्याला कुलूप लागलं नाही, उलट लागता लागता राहिलं.

वीज कंपनीचा धंदा हा असाच बांधलेला रतीब आहे. तुमच्या घरचा किंवा शाळेचा युनिटचा दर आधीच ठरलेला असतो. आपल्याकडे तो महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवून देतो. कंपनीला मात्र वीज वेगवेगळ्या ठिकाणांहून, वेगवेगळ्या भावानं घ्यावी लागते. त्यात हा माल कोथिंबिरीपेक्षा नाजूक. कोथिंबीर निदान संध्याकाळपर्यंत पाणी मारून टिकते. वीज ज्या क्षणी तयार झाली त्याच क्षणी खपली पाहिजे, आणि गिऱ्हाइकानं बटण दाबलं त्याच क्षणी हजर पाहिजे. साठवायच्या बॅटऱ्या आता येऊ लागल्या आहेत, पण त्या अजून महाग. संध्याकाळी सगळ्यांचे दिवे, टीव्ही, मिक्सर एकदम लागतात, तेव्हा कंपनीला मिळेल त्या भावानं माल उचलावा लागतो. वर्षातल्या अशा थोड्या तासांसाठी वीजकेंद्रं उभारून, माणसं नेमून तयार ठेवावी लागतात आणि उरलेलं वर्ष ती निम्मीअधिक रिकामी बसतात. त्या तासांतली मागणीच खाली आणता आली तर नवं केंद्र बांधण्यापेक्षा गिऱ्हाइकाला दिवे बदलून देणं स्वस्त पडतं.

इथं तुम्ही हटकणार की बाकीच्या वेळी तर विक्री बुडतेच ना? बुडते. म्हणून अमेरिकेत काही राज्यांनी कंपनीचं उत्पन्न विक्रीपासून तोडून टाकलं. कॅलिफोर्नियात विजेच्या बाबतीत हे १९८२ मध्येच झालं. कंपनीला किती पैसे मिळायचे ते नियामक ठरवतो. वीज कमी खपली तर पुढच्या दरात भरपाई, जास्त खपली तर वजावट. जास्त विकण्याची हावच उरत नाही. न्यू जर्सीत आणखी एक वाट काढली. १९९९ च्या कायद्यानं तिथल्या प्रत्येक वीजबिलात 'सोसायटल बेनिफिट्स चार्ज' नावाची छोटी रक्कम बसवली. त्या गंगाजळीतून शाळांना, दुकानांना, कारखान्यांना जुनी उपकरणं बदलायला मदत मिळू लागली. म्हणजे नातवाच्या शाळेचे दिवे कंपनीनं खिशातून बदलून दिले नाहीत. ते तुमच्या मुलीच्या आणि तिच्या शेजाऱ्यांच्या बिलातून बदलले गेले. तिला पुढच्या फोनमध्ये हे जरूर सांगा, बिलातला तो आकार तिच्या लक्षात आला नसेल.

तिथं शाळा यात पुढं असण्याचं कारण आहे. अमेरिकेतली 'स्कूल डिस्ट्रिक्ट' म्हणजे आपला जिल्हा नव्हे. ती फक्त शाळा चालवणारी स्वतंत्र पंचायत असते, बहुतेक ठिकाणी तिचा स्वतःचा मालमत्ता कर असतो. पगारानंतर तिचा सर्वांत मोठा खर्च ऊर्जेचा, कारण इमारत हिवाळ्यात तापवायची आणि उन्हाळ्यात थंड करायची. सप्टेंबरातल्या उकाड्यात शाळेचे एसी आणि गावाची मागणी दुपारी एकाच वेळी चढतात. म्हणून शाळेची बचत नेमकी कंपनीच्या कामाला येते.

आता आपल्याकडं. कमी वीज घेण्यासाठी पैसे देण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही, आणि पुण्याला तर मुळीच नाही. २००६ आठवतं? राज्यभर भारनियमन होतं, पुण्यातही वीज जायची, गाळ्यांवर गॅसबत्त्या निघायच्या. तेव्हा उद्योगांची संघटना असलेल्या सीआयआयनं 'पुणे मॉडेल' पुढं आणलं आणि आयोगानं ते मान्य केलं. भोसरी-चाकणच्या पट्ट्यातल्या कारखान्यांकडं स्वतःचे जनरेटर होते. टंचाईच्या तासांत कारखान्यांनी ते चालवायचे, महावितरणची तेवढी वीज शहराला सोडायची आणि डिझेलचा वाढीव खर्च भरून घ्यायचा. पैसे कुठून? महिन्याला ३०० युनिटांपेक्षा जास्त वापरणाऱ्यांच्या बिलात 'विश्वासार्हता आकार' लागला. खानावळीला आमसूल घालायला लावून वर दहा रुपये देण्याचाच हा प्रकार, फक्त टोमॅटोच्या जागी मेगावॉट.

त्याच सुमारास नाशिकमध्ये महावितरणनं सीएफएल दिवे हप्त्यानं दिले आणि हप्ता वीजबिलातून कापून घेतला. माझ्या मते सगळ्यांत बोलकं उदाहरण मंगळवेढ्याचं. सोलापूर जिल्ह्यातल्या या तालुक्यात २००९ च्या सुमारास केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या पुढाकारानं दोन हजारांहून जास्त शेतीपंप बदलून कमी वीज खाणारे बसवले, तेही शेतकऱ्याकडून पैसे न घेता. शेतीची वीज खर्चाच्या बऱ्याच खाली विकली जाते, म्हणून वाचलेलं प्रत्येक युनिट म्हणजे महावितरणचा आणि सरकारचा वाचलेला तोटा. तीसचा रतीब आणि ऐंशीचा बाजार तिथं बारा महिने चालू असतो.

२०१० मध्ये आयोगानं याचे रीतसर नियम केले. कंपन्यांनी मागणी कमी करण्याचे कार्यक्रम आखावेत, ते खर्चाला परवडतात का हे मोजून दाखवावं आणि खर्च दरातून वसूल करावा. मुंबईत टाटा पॉवरनं त्याखाली चांगल्या तारांकनाचे पंखे आणि फ्रिज सवलतीत दिले. मग जानेवारी २०१५ मध्ये देशभर स्वस्त एलईडी दिव्यांची 'उजाला' योजना आली. कोट्यवधी दिव्यांची एकगठ्ठा खरेदी झाली. २०१४ मध्ये तीनशेच्या वर असलेली एका दिव्याची खरेदी किंमत दोन-अडीच वर्षांत चाळिसाच्या खाली उतरली. तुमच्या गाळ्यावरचा दिवा आज स्वस्त मिळतो त्यात या घाऊक खरेदीचा मोठा हात आहे. घाऊक घेतल्यावर भाव कसा पडतो हे मी तुम्हाला काय सांगणार!

तर कारखान्यांना मिळालं, शेतकऱ्यांना मिळालं, घरांना मिळालं. शाळा कुठं गेल्या?

शाळेचा हा प्रश्न मंडईतून आला याची मला जरा गंमत वाटली. तुमची ही इमारत १८८६ मध्ये रे मार्केट म्हणून उघडली. ती बांधायचं घाटत होतं तेव्हा जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते. मंडईवर एवढा पैसा घालण्याला त्यांनी विरोध केला, तो शिक्षणावर खर्च व्हावा असं त्यांचं म्हणणं होतं. पुढं आचार्य अत्रे नगरपालिकेत आले आणि त्यांच्या पुढाकारानं याच इमारतीला जोतीरावांचं नाव मिळालं. मंडई झाली, नाव फुल्यांचं लागलं, आणि शाळेच्या खर्चाची विवंचना जवळजवळ दीडशे वर्षांनंतरही त्याच चौकात आहे.

शाळांना सवलत का नाही, याचं माझं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. तुमची शाळा हे महावितरणचं चांगलं गिऱ्हाईक आहे. ती मुख्यतः दिवसा वीज घेते. दुपारी सौर वीज आता भरपूर आणि स्वस्त असते. संध्याकाळच्या महागड्या वेळात तुमचे वर्ग बंद असतात. दर शेतीसारखा तोट्याचा नाही. मुळात वापरही फार नाही, कारण आपल्या शाळा खिडक्या उघडून चालतात. अशा गिऱ्हाइकाला 'कमी घ्या' म्हणून पैसे देण्यात कंपनीचा काय फायदा? नातवाच्या शाळेला मिळालं, कारण तिथं कायद्यानं गंगाजळी आहे आणि तशा शाळा कंपनीला महाग पडतात. तुम्हाला मिळत नाही, कारण तुम्ही महाग पडत नाही.

म्हणून आपल्याकडं वीज कंपनीकडून शाळांना सवलत धनादेशानं आली नाही. ती आली, आणि गेली, मुख्यतः बिलातल्या ओळींमधून.

पहिली ओळ दराची. २००९ च्या सुमारास शाळा आणि रुग्णालयं व्यापारी वर्गात मोडत, म्हणजे शाळेचा दर आणि लक्ष्मी रोडवरच्या साडीच्या दुकानाचा दर एकच. त्यावर बरीच ओरड झाली. ऑगस्ट २०१२ मध्ये आयोगानं 'सार्वजनिक सेवा' असा वेगळा वर्ग केला. २०१५ मध्ये त्याचेही दोन भाग झाले : एक सरकारी आणि स्थानिक संस्थांच्या शाळा-रुग्णालयांचा, जरा स्वस्त. दुसरा बाकीच्यांचा. तुमची खासगी शाळा दुसऱ्या भागात येते.

दुसरी ओळ वीज शुल्काची, म्हणजे राज्य सरकारच्या कराची. १९५८ च्या कायद्यात धर्मादाय संस्थांच्या शाळांना हे शुल्क माफ होतं. २०१६ च्या नव्या कायद्यानं ती माफी काढली. विलेपार्ले केळवणी मंडळ आणि इतर संस्था उच्च न्यायालयात गेल्या आणि जिंकल्या. पण जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल राज्य सरकारच्या बाजूनं फिरवला. एवढी मोठी सवलत गेली, पण पालकांना कळलंही नाही. बसचं तिकीट दोन रुपयांनी वाढलं तर आपल्याकडं मोर्चा निघतो.

तिसरी सवलत बिलाबाहेरची, सौरची. छतावर सौर पॅनेल बसवायला केंद्राचं ३० टक्के अनुदान एके काळी ना-नफा शिक्षणसंस्थांनाही मिळायचं. २०१९ मध्ये योजनेचा दुसरा टप्पा आला आणि अनुदान घरांपुरतं राहिलं. आताची 'पीएम सूर्यघर'सुद्धा घरांसाठीच. तीन किलोवॉटपासून पुढं ७८ हजारांपर्यंत मिळतात, पण ते तुम्हाला घरी, शाळेला नाही.

मग हाती काय उरतं? बरंच काही. पण कुणी आणून देणार नाही. बिल घेऊन बसावं लागेल.

आधी 'दर संकेत' पाहा. तिथं सार्वजनिक सेवा हा वर्ग, म्हणजे सध्या सात क्रमांक, दिसला पाहिजे. जुन्या जोडण्यांवर, विशेषतः पाण्याच्या मोटारीच्या किंवा सभागृहाच्या वेगळ्या मीटरवर, कधी दुसराच संकेत बसलेला असतो आणि शाळेनं तो बदलून मागितलेलाच नसतो. शाळेचं वसतिगृह वेगळ्या मीटरवर असेल तर त्याला घरगुती दर लागतो, हेही अनेकांना ठाऊक नाही.

मग भरण्याची तारीख. बिल निघाल्यापासून सात दिवसांत भरलं तर एक टक्का सूट. ऑनलाइन भरलं तर आणखी पाव टक्का, पाचशे रुपयांच्या मर्यादेत. कागदी बिल सोडून ई-बिल घेतलं तर बिलामागं दहा रुपये. मुदत चुकली तर मात्र सव्वा टक्का दंड. वीस हजारांच्या बिलावर वेळेत आणि उशिरा भरण्यात महिन्याला साडेचारशेचा फरक पडतो. 'धनादेशावर अध्यक्षांची सही राहिली' म्हणून शाळा हे पैसे दर महिन्याला सोडतात. समितीवर आहात, तर सह्यांचा वार ठरवून टाका.

तिसरा, आणि माझ्या मते सर्वांत मोठा, 'मंजूर भार'. वीस किलोवॉटपर्यंतच्या शाळेला ठरावीक स्थिर आकार असतो. वीसच्या वर गेलात की मागणी आकार सुरू होतो, केव्हीएच्या हिशेबानं. तो मे महिन्यात वर्गांना कुलूप असतानाही लागतो. माझ्या माहितीतल्या एका शाळेनं जुन्या कार्यशाळेतली यंत्रं भंगारात काढली आणि तेरा वर्षं त्यांचा भार बिलात भरत राहिली. भार कमी करून घ्यायला अर्ज लागतो आणि परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागतो. बस्स.

आता दिवे-पंखे. वीस वर्ग धरू. प्रत्येकात चार पंखे, सहा नळ्या. दिवसाला सहा तास, वर्षाला दोनशे दिवस, म्हणजे १,२०० तास. जुनी चाळीस वॉटची नळी चोकसकट बावन्न वॉट खाते, एलईडीची वीस. १२० नळ्यांत वर्षाला सुमारे ४,६०० युनिटं वाचतात. जुना पंखा पंचाहत्तर वॉटचा, नवा बीएलडीसी मोटारीचा तीसच्या आसपास. ८० पंख्यांत सुमारे ४,३०० युनिटं. सगळे आकार मिळून युनिटला दहा रुपये धरले तर नळी साधारण वर्षाच्या आत स्वतःची किंमत फेडते. पंखा अडीच-तीन हजारांचा, तो मात्र पाच वर्षं घेतो. दुकानदार दोन वर्षं सांगेल. तो घरचा हिशेब सांगत असतो, जिथं पंखा रात्रभर फिरतो. दोन सत्रांत भरणाऱ्या शाळेत पंखाही लवकर फिटतो. एक सत्र असेल तर नळ्या आत्ता बदला आणि पंखा जळाला की त्याला गुंडाळायला न देता नवा घ्या. जानेवारी २०२३ पासून पंख्यांवर तारांकन सक्तीचं आहे, तारे मोजून घ्या.

या दोन्ही बदलांनी जोडलेला भार सात किलोवॉटांहून जास्त उतरतो. तुमचा मंजूर भार पंचवीस-सव्वीस असेल तर शाळा वीसच्या आत येते, आणि मागणी आकारच सुटतो. सवलत म्हणा, परतावा म्हणा, आपल्याकडं तो हाच. खिडकीलगतच्या नळ्यांची रांग वेगळ्या बटणावर घ्या. पेठेतल्या जुन्या शाळांना उंच छत आणि मोठ्या खिडक्या आहेत, अगदी तुमच्या मंडईसारख्या. ती इमारत पुण्यात वीज यायच्या आधीची, उजेड आणि वारा फुकट मिळावा म्हणूनच तशी बांधलेली. शाळांनी त्या खिडक्यांपुढं कपाटं लावून ठेवली आहेत.

सौरचं म्हणाल तर अनुदान नसलं तरी नेट मीटरिंग आहे, म्हणजे छतावर तयार झालेली वीज बिलातून वजा होते. पुण्यात एका किलोवॉटला दिवसाला सरासरी चार युनिटं निघतात. उन्हाळ्यात शाळा बंद आणि ऊन सर्वांत जास्त, त्यामुळे वीज वाया जाईल असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. जादा युनिटं पुढच्या महिन्यांत वळती होतात आणि हिशेब ३१ मार्चला बंद होतो. सुट्टी या हिशेबी वर्षाच्या अगदी सुरुवातीला येते, म्हणून मे महिन्याची कमाई जूनपासून वापरता येते. दिवाळीची सुट्टीसुद्धा आतच बसते. पैसे नसतील तर काही कंपन्या स्वतःच्या खर्चानं पॅनेल बसवतात आणि शाळा त्यांना ठरल्या दरानं युनिटचे पैसे देते. त्या करारात पंचवीस वर्षांची भाषा असते. छत गळतं का हे आधी पाहा, सही मग.

कोणी तटस्थ माणूस हवा असेल तर राज्याची ऊर्जा संस्था, महाऊर्जा, आपल्या पुण्यातच आहे. ऊर्जा परीक्षण करणाऱ्यांची माहिती तिथं मिळते. वीजदराच्या सुनावण्या आयोगापुढं होतात, तिथं सामान्य ग्राहकालाही लेखी हरकत घेता येते. पुण्यातल्या 'प्रयास'सारख्या संस्था वर्षानुवर्षं तिथं बसून आकडे तपासतात. कारखानदार वकील घेऊन येतात. शाळा क्वचित येतात. पेठांतल्या दहा शाळांनी मिळून एक अर्ज केला तर तो वाचावाच लागेल.

तुमच्या पिवळ्या दिव्याबद्दल. गाळ्यापुरता तो ठीक, टोमॅटोला रंग चढतो. वर्गात मात्र पांढरा लावा. आणि १२० नळ्या एकदम घेण्याआधी सहाच आणा, एका वर्गात आठवडाभर लावा आणि फळा नीट दिसतो का, चकाकतो का, ते शेवटच्या बाकावरच्या मुलांना विचारा.